आटवलेली आणि छाटलेली

१२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत दोन चित्रपट लागले. एक सुबोध खानोलकर यांचा मराठी ‘दशावतार’, ज्यात दिलीप प्रभावळकरांनी आमच्या कोकणातला म्हातारा दशावतारी उभा केला आहे. दुसरा जपानी ‘डीमन स्लेअर’ या चित्रमालिकेतला ‘इन्फिनिटी कासल’. गणपती आटोपून मी तेव्हा मालवणहून ठाण्याला लेकीकडे आलो होतो. पहिला चित्रपट मला पाहायचा होता, दुसरा नातवाला. दोघांनी दोन्ही पाहायचे, असा तह झाला.

अडचण पुढे आली. ‘दशावतार’ पाहायला नातवाला कसलीच पूर्वतयारी लागणार नव्हती. त्याचा चित्रपट मात्र प्रेक्षकाने मालिकेचे आधीचे ६३ भाग पाहिले आहेत असे धरूनच सुरू होतो. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “आजोबा, सगळं नका बघू. मागचे भाग जोडून केलेले सिनेमे असतात, रीकॅप. ते घेऊन बघा, दोन तासांत काम होतं.”

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ‘घेऊन’ हा शब्द आधी ऐकू येतो. जी गोष्ट एकदा दाखवून झाली तीच कापून, जोडून, पुन्हा विकायला ठेवलेली. तिला पैसे का द्यायचे? अशा चित्रपटांचा पसारा जपानात मोठा आहे. मालिका गाजली की तिचा सारांशपट निघतो, आणि आता ती लाट आपल्या पोरांपर्यंत आली आहे. तेव्हा प्रश्न केवळ माझ्या घरचा नव्हता.

आधी हिशेब मांडू. अशा मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे गाणे मिळून तीन मिनिटे जातात. २६ भागांची मालिका धरली तर एकूण ६२४ मिनिटे. गाण्यांची ७८ वजा जाता उरतात ५४६, म्हणजे नऊ तासांहून थोडे अधिक. त्याचा दोन तासांचा चित्रपट करायचा तर सात तास काढून टाकावे लागतात. गाणी गेली याचे कोणाला दुःख नाही. पण हे सात तास कोणाचे होते, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

या प्रकाराची सुरुवात मात्र अगदी वेगळ्या गरजेतून झाली. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही २६ भागांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७४-७५ साली आली आणि फारशी न चालता संपली. नंतर तिचे चाहते वाढत गेले. पण बघायची कुठे? घरोघरी व्हिडिओ यायचा होता. ऑगस्ट १९७७ मध्ये तिचेच तुकडे जोडून केलेला चित्रपट लागला, तेव्हा तरुण मुलांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. त्यांना सारांश नको होता. हरवलेली गोष्ट पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायची होती. अशा माणसाने तिकिटाला पैसे दिले तर त्याला मी खर्च म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मोलाचे. ‘गंडाम’ ही १९७९-८० ची मालिका ५२ भागांची व्हायची होती, ती ४३ वरच आवरती घेतली गेली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी १९८१ आणि ८२ मध्ये तिचे तीन चित्रपट केले. तिन्ही मिळून सुमारे सात तास. पण तोमिनोंनी नुसती कात्री चालवली नाही. मालिकेचे मुख्य चित्रकार योशिकाझू यासुहिको शेवटच्या भागांच्या वेळी आजारी पडून इस्पितळात होते, त्यामुळे ते भाग चित्रकलेच्या दृष्टीने पडले होते. तिसऱ्या चित्रपटात त्यांनी बरीच दृश्ये नव्याने काढली. खेळणी विकणाऱ्या प्रायोजकासाठी मालिकेत घुसवलेले एक जोडयंत्र चित्रपटातून हद्दपार झाले. मालिका होताना जे मनाजोगते झाले नव्हते, ते निर्मात्यांनी दुसऱ्या खेपेला करून घेतले. या तीन चित्रपटांचा संच कोणी विकत घेतला तर त्याला मूळ मालिकेतही नसलेले काही मिळते. हे आटवणे झाले. दूध आटवले की पाणी जाते. साय, साखर, वेलदोडा यांची त्यात भर पडते आणि शेवटी जे होते त्याला आपण दूध म्हणत नाही, बासुंदी म्हणतो.

आता आमच्या घरातली मालिका. २०२३ आणि २०२४ साली ‘डीमन स्लेअर’च्या मागच्या हंगामाचा शेवट आणि येणाऱ्या हंगामाचा पहिला भाग एकापुढे एक जोडून जगभर चित्रपटगृहांत लावण्यात आले. ही जाहिरात झाली, फक्त तिला तिकीट होते. त्याआधी याच मंडळींनी उलटाही प्रयोग केला आहे. २०२० चा ‘मुगेन ट्रेन’ हा चित्रपट पुढच्याच वर्षी थोडी भर घालून सात भागांची मालिका म्हणून दाखवला. एकच दागिना दोन शाखांत तारण ठेवण्याचा हा प्रकार बँकेत आम्ही चांगलाच ओळखतो. बेकायदा नाही म्हणा. मित्रांसोबत मोठ्या पडद्यावर लढाई पाहण्याची हौस असेल तर पोराने जरूर जावे. मात्र गोष्ट कळावी म्हणून जाणाऱ्याने पैसे घालवू नयेत.

आपल्याकडे या विद्येची कमतरता कधीच नव्हती. एकश्लोकी रामायण हा तर सारांशाचा कळस. वाल्मीकींचे २४,००० श्लोक कुठे आणि गदिमांची ५६ गीते कुठे! तरी गीतरामायणाला संक्षिप्त रामायण म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले, दर आठवड्याला एक गीत. ५२ व्हायची होती, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. लोक आठवडाभर पुढच्या गीताची वाट पाहत. माडगूळकरांनी प्रसंग गाळले. पण कोणता प्रसंग कोणाच्या तोंडून यावा हे त्यांनी नव्याने ठरवले आणि बाबूजींनी प्रत्येकाला वेगळा स्वर दिला. जपान्यांनीही रामायण आटवलेच आहे. युगो साको १९८३ मध्ये इथल्या उत्खननावर माहितीपट करायला आले, रामकथेत गुंतले आणि आपल्या राम मोहन यांच्या साथीने त्यांनी १३५ मिनिटांचे चित्ररामायण पुरे केले. २४ जानेवारी २०२५ ला ते आपल्या चित्रपटगृहांत लागले, तेव्हा ठाण्यात नातवाने पाहिले. त्याचे ते पहिले रामायण. काही कमी पडले असे त्याला वाटले नाही, आणि खरेच पडलेले नाही.

म्हणजे आधी सगळे माहीत हवे असा नियम करता येत नाही. कात्री कोणाच्या हातात आहे आणि ती कशासाठी चालली आहे, यावर सारे आहे.

‘डीमन स्लेअर’चे आम्ही अखेर असे केले. पहिले पाच भाग मी पुरे पाहिले. तान्जिरो नावाचा कोळसे विकणारा गरीब मुलगा, दैत्याने मारलेले त्याचे घर आणि स्वतःच दैत्य होऊन बसलेली धाकटी बहीण नेझुको, एवढे डोळ्यांनी पाहिल्यावर उरलेले ५८ भाग नातवाने दोन संध्याकाळी तोंडी सांगितले. जिथे त्याला रडू आले होते तिथे तो हळू बोलायचा, जिथे कंटाळा आला होता तो भाग एका वाक्यात उडवायचा. मग अडीच तासांचा तो चित्रपट मला बराचसा कळला. या सारांशाला पैसे पडले नाहीत.

तेव्हा लक्षात आले की दशावतारही आम्ही असाच पाहिला आहे. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, भात घरात आले की आमच्याकडे जत्रा सुरू होतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरून येईपर्यंत मध्यरात्र होते, मग पायपेटी, मृदंग आणि झांज वाजू लागते. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद पळवणारा काळ्या कपड्यांतला संकासुर, जो थेट मालवणीत बोलून देवांची फिरकी घेतो. नंतर आख्यान. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ. उजाडता उजाडता दहीकाला फुटतो.

आता खरे सांगायचे तर हे सगळे जागून पाहिलेला मुलगा माझ्या पिढीत विरळाच. आम्ही गोणपाटावर घोंगडी ओढून झोपत असू. लढाईची लय वाजली की शेजारचे कोणीतरी ढोसून उठवी आणि कानात सांगे की राजा वनात गेला, राणीला हाकलली, आता हा आला तो तिचा मुलगा. तेवढ्यावर आम्ही लढाई बघत असू, मग खाज्याचा एक तुकडा तोंडात टाकून पुन्हा आडवे. आजीचे सांगणे वेगळे असे, काकाचे वेगळे. आजीच्या दशावतारात राणीचे हाल जास्त.

हल्ली दशावताराचेही सारांश मिळतात. नाट्यगृहातला अडीच-तीन तासांचा प्रयोग, ट्रिकसीनवाले नाटक, मोबाइलवर तुकडे. त्याआधी व्हीसीडी होत्या. तशी एक मी २००६ च्या जत्रेत विकत घेतली होती. दोन तबकड्या, मिळून सव्वादोन तास. घेतली ती दादासाठी. आमचा थोरला भाऊ आयुष्यभर लालबागला राहिला, गिरणीत खपला, संपानंतर मिळेल ते केले, आणि शेवटची दोन वर्षे अर्धांगाने अंथरुणावर होता. गावी यायचा प्रश्नच नव्हता.

व्हीसीडी अत्यंत वाईट होती. आडदशावतार सगळा गाळलेला. नारद येतो, तोंड उघडतो आणि पुढच्याच चित्रात लढाई. पुतण्या वैतागून म्हणाला, “काका, यात बघण्यासारखं काय आहे?” पण दादाचा उजवा हात पांघरुणाखाली निश्चल आणि डावा हात मृदंगाच्या तालावर हलत होता. नारदापाशी तबकडीने उडी मारली तेव्हा तो जड जिभेने म्हणाला, “हंय राणी रडता. बरोच येळ रडता.” आणि राणीचे गाऱ्हाणे त्याने स्वतः म्हटले, तुटक, पण म्हटले. गाळलेला प्रत्येक सांधा तो भरत गेला. सव्वादोन तासांची ती तबकडी संपायला जवळजवळ चार तास लागले, कारण तो मधे मधे थांबवायला लावायचा. त्या रात्री मला दोन माणसे दिसत होती. एकाच्या आत सगळी रात्र साठलेली होती, त्याला दारावर एक टकटक पुरली. दुसऱ्याला तीच तबकडी म्हणजे रंगवलेल्या पुरुषांची आरडाओरड. किंमत दोघांना एकच पडली असती.

हे सारे आता आठवायचे कारण आमची देवस्थान समिती. गेल्या बैठकीत प्रस्ताव आला की यंदा दशावतार नऊ ते बारा या वेळात उरकावा. मुंबईकरांना सकाळी गाडी गाठायची असते, मुले पेंगतात, रात्रभर बसायला माणूस उरत नाही. प्रस्ताव मांडणारे तरुण काही वाईट हेतूचे नव्हते. मंडपात पहाटे तीनला मोजून पंधरा माणसे असतात हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मला मत विचारले. मी म्हटले, आधी कंपनीच्या नाईकाला विचारू, कात्री त्याच्या हातात आहे.

नाईकाने फोनवर मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, बोलणी नट जागेवर जुळवतात. तो म्हणाला, “तुमका केदो व्हयो तेदो करून दितंव. दोन तासांचो करू, सकाळपर्यंत नेव.” सगळ्यांचे चेहरे खुलले. मग त्याने विचारले, “पण बारा वाजता सोपयलो तर दहीकालो कधी फोडूचो?”

यावर कोणाकडे उत्तर नव्हते. दहीकाला पहाटेचाच, तो मध्यरात्री फोडायला देवाचा कौल घ्यावा लागेल, आणि कौल मागायला कोणी पुढे होईना. शेवटी मी सुचवले ते मान्य झाले. जत्रेची रात्र आहे तशी राहील. हायस्कूलच्या मुलांसाठी मे महिन्यात पटांगणावर वेगळा तीन तासांचा प्रयोग करायचा, वर्गणी काढून; त्यात काय ठेवायचे ते नाईक ठरवील, फक्त संकासुर गाळायचा नाही. बिदागीतली पहिली पाचशे रुपयांची पावती मी माझ्या नावाने फाडली.

जत्रा मार्गशीर्षात आहे. पालखी फिरून आली की बाराच्या सुमारास पेटी वाजेल. थंडी असते, अंथरूण ज्याने त्याने आपापले आणावे.