घरगुती संग्रहासाठीं हार्ड डिस्क : शांत, थंड आणि भरंवशाची

घरोघरचीं छायाचित्रें, मुलांच्या मुंजी-लग्नांचीं चलच्चित्रें, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती आणि आजोबांच्या हस्ताक्षरांतील पत्रें, हें सर्व आतां तळहातावर मावणाऱ्या एका पेटींत जाऊन बसलें आहे. या पेटीला बाह्य हार्ड डिस्क म्हणतात. दप्तराला वाळवी लागली तरी कांहीं पानें हातीं येत. ही पेटी बिघडली तर पुष्कळदां एक ओळहि हातीं येत नाहीं. म्हणून ती विकत घेतांना केवळ रंगावर आणि किंमतीवर दृष्टि ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

या पेटीचे प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि तिच्यावर एक सूक्ष्म टोंक तरंगत राहून लेखन-वाचन करतें. दोहोंमधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर. माणसाचा केंस त्याच्या हजारों पट जाड भरेल. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकल्याशिवाय गात नाहीं; येथें मात्र टोंक टेंकलें कीं अनर्थ झालाच. म्हणून चालूं असलेली पेटी हलवूं नये. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें या तत्त्वावरील पहिलें यंत्र पुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होतीं सुमारें ५० लाख अक्षरें! आज खिशांतील एका टेराबाईटच्या पेटींत एक लाख कोटि रोमन अक्षरांची जागा असते. दुसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यांत फिरणारें कांहींच नसतें. माहिती विद्युद्भाराच्या रूपानें चिपांतील सूक्ष्म कोठड्यांत राहते.

आतां शांततेचा विचार. एसएसडी स्वभावतःच निःशब्द असते. फिरत्या तबकड्यांत अडीच इंची, यूएसबीच्या तारेंतूनच वीज घेणारी पेटी रात्रीच्या खोलींतहि क्वचितच ऐकूं येते. साडेतीन इंची पेटीला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, आणि तिची घरघर अधिक असते. तथापि पुष्कळदां दोष पेटीचा नसून टेबलाचा असतो. तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेचा नाद वाढवितो, तसें पोकळ लांकडी टेबल तबकडीचा कंप वाढवितें. खालीं रबराचा तुकडा ठेवला कीं काम होतें. मात्र एकसारखा ‘टक्-टक्’ असा आवाज येऊं लागला तर तो धोक्याचा समजावा. वाचतां येत असेल तर माहिती तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्यावी. येत नसेल तर पेटी पुनःपुन्हां सुरू करून पाहूं नये.

उष्णतेचा प्रश्न छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत विशेष महत्त्वाचा आहे. अनेक घरगुती बाह्य हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकांत वापराचें तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलें असतें. मे महिन्यांत या शहराचा पारा ४० च्या वर जातो, आणि तापलेल्या स्लॅबखालील खोली दुपारीं ३५ ची मर्यादा सहज ओलांडते. जितकी वीज खर्च होते तितकी उष्णता निघते. अडीच इंची पेटीला चालतांना सुमारें दोन वॅट पुरतात, तर साडेतीन इंचीला त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. म्हणून येथील घराला अडीच इंची पेटी अधिक मानवते. ती धातूच्या आवरणाची असल्यास उत्तम, कारण धातु आंतली उष्णता बाहेर काढतो. तिच्यावर कापड झांकूं नये, ती राउटरवर अथवा टीव्हीवर ठेवूं नये, आणि उन्हांतल्या मोटारींत विसरूं नये. मोठ्या प्रती उतरविण्याचें काम उन्हाळ्यांत पहांटे करावें.

एसएसडी थंडच असते हा समज मात्र खरा नव्हे. दीर्घ लेखनांत ती तापते आणि आपली गति स्वतःच कमी करते. शिवाय विजेविना पडून राहिल्यास तिच्या कोठड्यांतील भार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीनें ठरीव लेखन-आयुष्य संपल्यानंतर ३० अंशांत, विजेविना, एक वर्ष माहिती राखावी एवढीच अपेक्षा आहे. नवी असतांना ती पुष्कळ अधिक काळ टिकते. परंतु उष्णता वाढली कीं मुदत घटतेच. तात्पर्य, रोज बरोबर नेण्यासाठीं एसएसडी आणि कपाटांत जपून ठेवण्यासाठीं फिरती तबकडी, अशी वांटणी योग्य होय.

राहिला भरंवसा. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक तबकड्यांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिघडलेल्यांपैकीं पुष्कळ तबकड्यांनीं आपल्या अंतर्गत नोंदवहींत कोणतीहि पूर्वसूचना दिली नव्हती, असें त्यांत आढळलें. म्हणजे उत्तम कंपनीची पेटीहि एकटी विश्वासपात्र नव्हे.

याचा धडा या शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्यानें फार पूर्वींच दिला आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ नंतर अनेक वर्षें खपून लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ च्या आगींत जवळजवळ सर्व जळाल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हां नकला केल्या. त्यांपैकींहि पुष्कळ नकला १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेल्या. कष्ट कमी नव्हते, साहित्यहि हलकें नव्हतें. नकला एकाच छपराखालीं होत्या, एवढेंच कारण. ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ च्या ग्रंथांत जें छापलें गेलें तें अनेक ठिकाणीं पोंचलें, आणि म्हणून आजहि पाहावयास मिळतें.

तेव्हां एक मोठी पेटी घेण्याऐवजीं दोन मध्यम पेट्या, शक्यतों निरनिराळ्या कंपन्यांच्या, घ्याव्यात. एक आपल्या घरीं ठेवावी, दुसरी परगांवच्या भावाकडे किंवा लेकीकडे. वर्षांतून एकदां तरी दोन्ही उघडून पाहाव्यात. अविश्वसनीय स्वस्ताईंत अनेक टेराबाईटचें आश्वासन देणाऱ्या पेट्यांपासून दूर राहावें; त्यांची खरी क्षमता पुष्कळदां नांवापुरतीच असते. आणि हमीपत्राचा अर्थहि नीट समजून घ्यावा : त्याच्या बळावर दुकानदार नवी पेटी देईल, पण आंतील पत्रें आणि छायाचित्रें तो देऊं शकणार नाहीं. त्यांची हमी घरच्या माणसांनींच घ्यावयाची असते.