घर बांधण्याची परवानगी

‘घर पाहावे बांधून’ असे जुने लोक म्हणत. त्या काळी बांधणाऱ्याच्या वाट्यास गवंडी, सुतार, चुना आणि पैका एवढ्या चारच चिंता येत असत. सोलापूरच्या जुन्या पेठांतून हिंडणाऱ्यास अद्याप काही माळवदी घरे दृष्टीस पडतात. जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा दाट थर. त्यांतील पुष्कळशी घरे उभी राहिली तेव्हा नकाशा काढला गेला नव्हता, की कोणाचा शिक्काही घेतला गेला नव्हता. परंतु त्या काळी नियमच नव्हते असे मात्र नव्हे. पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, सामाईक बोळ किती रुंद असावा, शेजाऱ्याच्या भिंतीत तुळई टेकवावी की नाही, हे प्रश्न तेव्हाही होते आणि ते चार वडीलधाऱ्या माणसांच्या देखत सुटत असत. आज महापालिकेच्या नगररचना खात्यात जो अर्ज द्यावयाचा असतो, त्याचे मूळ त्या चार माणसांच्या बैठकीतच आहे. फरक इतकाच की, शेजारी बदलला, नातवंडे भांडू लागली, तरी कागद बदलत नाही.

बैठकीची जागा कायद्याने घेतली ती गिरण्यांमुळे आणि रोगराईमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापुरात कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले, खेड्यापाड्यांतून माणूस लोटला आणि एकेका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे राहू लागली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो सोलापुरासही पोहोचला. कोंदट, अंधाऱ्या, गटारांना खेटून बांधलेल्या घरांनी किती माणसे खाल्ली, याचा धडा सरकारला त्या वर्षांत मिळाला. १९०१ च्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यात नवे घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेस कळविणे आवश्यक ठरले. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा स्वतंत्र कायदा केला आणि तो या देशातील अशा प्रकारचा पहिला होय. आज जो कायदा लागू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. सोलापूरची महापालिका १९६४ सालची असल्यामुळे महापालिकांचा १९४९ चा अधिनियमही येथे लागू पडतो.

या दोन कायद्यांच्या भाषेत एक मौजेचा भेद आहे. १९४९ चा अधिनियम म्हणतो की, घर बांधू इच्छिणाऱ्याने आपल्या इराद्याची ‘सूचना’ आयुक्तांस द्यावी. १९६६ चा अधिनियम ‘परवानगीसाठी अर्ज’ असे म्हणतो. शब्द निराळे असले तरी दोहोंचा आशय एकच आहे. जमीन नागरिकाची असते आणि तिच्यावर नियमात बसणारे घर बांधण्याचा अधिकारही त्याचाच असतो. ते घर नियमात बसते की नाही एवढेच कार्यालयाने पाहावयाचे असते. ही गोष्ट मनाशी पक्की नसल्यामुळे कित्येक सुशिक्षित गृहस्थसुद्धा कार्यालयाच्या पायऱ्या याचकासारखे चढतात, आणि याचक दिसला की मध्यस्थ आपोआप भेटतो.

हे नियम पूर्वी गावोगाव निराळे होते. सोलापूरचे एक, तर बार्शी-पंढरपूरचे दुसरे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे वगळता सर्व महाराष्ट्रास तीच लागू आहे. त्यामुळे अक्कलकोटच्या मुख्याधिकाऱ्यांपुढे जाणारा नकाशा आणि सोलापूरच्या आयुक्तांपुढे जाणारा नकाशा आता एकाच पुस्तकावरून तपासला जातो.

समजा, एखाद्या गृहस्थाने जुळे सोलापूरकडे तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब असा भूखंड घेतला आहे. क्षेत्रफळ पंधराशे चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. त्याने प्रथम धाव घ्यावयाची ती नकाशा काढणाऱ्याकडे नव्हे, तर भूमि अभिलेखाच्या कार्यालयाकडे. मिळकत पत्रिका किंवा सातबारा आपल्या नावावर असणे पुरेसे नसते. जमीन कागदावर जितकी आहे तितकी जागेवर आहे काय, याचा मोजणी नकाशा हाती असावा लागतो. हद्दीचे दगड हालतात, कुंपणे सरकतात आणि वीतभर सरकलेल्या कुंपणापायी दिवाणी न्यायालयात दोन पिढ्या जातात. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता, शाळा अथवा बाग यांचे आरक्षण तर नाही ना, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावयाचे असते. त्यासाठी लागणारा झोन दाखला नगररचना खात्यातून मिळतो. खरेदीखत झाल्यावर तो मागणाऱ्यांची संख्या मात्र थोडी नाही.

त्यानंतर वास्तुविशारद अथवा परवानाधारक अभियंता येतो. नकाशा त्याच्याच सहीने आणि आता संगणकावरून सादर व्हावयाचा असतो. येथे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द प्रथम कानी पडतो आणि ऐकणारा दचकतो. त्याचा अर्थ अगदी साधा आहे. सर्व मजल्यांवरील बांधीव क्षेत्राची बेरीज भूखंडाच्या किती पट चालेल, हे तो आकडा सांगतो. दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर मूळ निर्देशांक १.१ आहे. म्हणजे आपल्या गृहस्थास पंधराशे फुटांच्या भूखंडावर एकंदर साडेसोळाशे फूट हक्काने मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास ठराविक मर्यादेपर्यंत शुल्क भरून घेता येते. चहूबाजूंस सोडावयाची मोकळी जागा याहून वेगळी. बांधणाऱ्यास ती वाया गेलेली जमीन वाटते. परंतु वैशाखात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर गेला म्हणजे दोन घरांमधील त्या पट्ट्यातूनच काय तो वारा खेळतो, आणि आग लागली असता बंब त्यातूनच शिरतो. राहण्याच्या खोलीची उंची २.७५ मीटरहून कमी नसावी, हा नियमही त्याच जातीचा.

दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या राहत्या घरास या नियमावलीने मोठी सवलत दिली आहे. परवानाधारकाच्या सहीचा नकाशा व कागदपत्रे सादर करून शुल्क भरले की, त्याची पोचपावती हीच परवानगी समजली जाते. तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडास दहा दिवसांत मंजुरी देण्याची तरतूद आहे. ‘पंधराशे फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही’ असा जो प्रवाद बाजारात पसरला आहे, तो अर्धवट ऐकण्याचा परिणाम होय. नियम सुटलेले नाहीत. ते पाळल्याची जबाबदारी कार्यालयाकडून मालकाकडे आणि त्याच्या अभियंत्याकडे आली आहे, एवढेच. पोचपावती घेऊन नियमाबाहेर बांधलेले घर अनधिकृतच ठरते.

अभियंत्याच्या सहीवरून आणखी एक गोष्ट निघते. सोलापुरात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच पाया ठेवला तर दोन-चार वर्षांत भिंतीस तिरक्या चिरा पडतात. म्हणून खोदकाम मुरूम लागेपर्यंत न्यावे, अशी येथील जुन्या गवंड्यांची रीत आहे आणि अभियंत्यांचेही मत तेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातील माणूस विसरणे शक्य नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून निजलेली किल्लारी व आसपासची गावे चारच्या सुमारास काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे गेली. तो हादरा सोलापुरासही बसला होता. लातूर-उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) त्या पट्ट्यात मोठ्या भूकंपाची अपेक्षा कोणी केली नव्हती. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली. वाड्याची भिंत जितकी जाड तितकी भक्कम, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. परवानगीच्या कागदांत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागतात ते याकरिता. ते दोनशे रुपये वाचवून कोणाच्या तरी सहीने मिळविण्याचा कागद नव्हे.

सोलापूरकरांपुढे दोन स्थानिक अडचणी विशेष आहेत. भुईकोट किल्ला हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरांत स्वतंत्र परवानगी लागते. त्या परिसरातील वाडा पाडून नवा बांधू म्हणणाऱ्याने हे अंतर आधी मोजावे. दुसरी अडचण होटगी रस्त्यावरील विमानतळाची. त्याच्या आसपास किती उंच बांधता येईल यास मर्यादा आहे. तिचे प्रत्यंतर साऱ्या शहराने १५ जून २०२३ रोजी पाहिले. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी त्या दिवशी सुरुंग लावून पाडण्यात आली. महापालिकेने ती अनधिकृत ठरविली होती आणि तो वाद वर्षानुवर्षे न्यायालयांतून चालला होता. सभासद शेतकऱ्यांचा पैसा तिच्यात गेला होता व त्यांची हळहळ खरी होती. विमानाची वाट पाहणाऱ्या शहराची अडचणही खरी होती. २०२५ च्या जून महिन्यात सोलापूरहून गोव्याकडे विमान निघाले. ज्या प्रश्नाचा निकाल पहिली वीट बसण्यापूर्वी कागदावर लागावयास हवा होता, तो असा शेवटी दारूगोळ्याने लागला.

१९९२ साली झालेल्या हद्दवाढीने आसपासची गावे शहरात आली. तेथील पुष्कळ कुटुंबांची स्थिती याहून बिकट आहे. शेताचे तुकडे पाडून एकेक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांबी-रुंदीची जागा, साध्या मुद्रांक कागदावर विकली गेली. घेणारे बहुतेक विडी कामगार, यंत्रमागावरचे मजूर. घर झाले, परंतु नकाशा नाही. अशांकरिता २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली. शुल्क भरून जागा व घर नियमित करून घेता येते. आरक्षणावर किंवा सार्वजनिक जागेवर उभे असलेले घर मात्र या दारातून सहसा आत जात नाही.

अर्ज रीतसर दिल्यावर साठ दिवसांत निर्णय कळविला गेला नाही, तर १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे परवानगी मिळाली असे मानले जाते. अट एवढीच की, नकाशा नियमांस सर्वस्वी धरून असला पाहिजे. नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात व चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. तोंडी ‘नाही’ या शब्दास कायद्यात किंमत नाही. तो ऐकून परत फिरणारा गृहस्थ आपला अपिलाचा हक्क दारातच ठेवून येतो. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, ती मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी.

बांधकाम जोत्यापर्यंत आले म्हणजे जोते तपासणीचा दाखला घ्यावयाचा असतो. चूक झाली असल्यास ती तेथेच सुधारता येते, स्लॅब पडल्यावर नव्हे. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. बहुतेक कुटुंबे येथेच चुकतात. वास्तुशांत होते, पंगती उठतात, नळ येतो, घरपट्टीचे बिलही येते. बिल आले म्हणजे घर अधिकृत झाले, अशी समजूत होते. घरपट्टी ही केवळ कर-आकारणी आहे आणि अनधिकृत घरावरही ती बसते. १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे काम पुरे झाल्यापासून एका महिन्यात तशी सूचना द्यावयाची असते आणि एकवीस दिवसांत नकार न आल्यास राहावयास जाता येते. भोगवटा प्रमाणपत्राची आठवण पुढे होते ती मुलाला कर्ज काढावयाचे असते तेव्हा, किंवा घर विकावयास काढले म्हणजे. तोपर्यंत नकाशावर नसलेली एक खोली गच्चीवर चढलेली असते, अभियंता गाव सोडून गेलेला असतो आणि मंजूर नकाशाची प्रत कोणत्या ट्रंकेत आहे हे घरात कोणास सांगता येत नाही.