रुई बिलगते, रुई दुरावते

कापूस फार कोरडा झाला की जिनिंगमध्ये, म्हणजे रुईतून सरकी काढताना, दोन उलट गोष्टी एकदमच घडतात. रुईचे तंतू एकमेकांपासून फटकून फुलारतात आणि तेच तंतू यंत्राच्या पत्र्याला जाऊन बिलगतात. घासाघाशीत सगळ्या तंतूंवर सारखाच विद्युत प्रभार चढतो, म्हणून ते आपसांत दुरावतात. पत्र्यावर मुळात काहीच नसतं, पण प्रभारित रुई जवळ आली की त्यात विरुद्ध प्रभार ओढला जातो आणि रुई चिकटते.

खामगाव, मलकापूर ही बुलढाणा जिल्ह्यातली कापसाची जुनी गावं. जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा 1870 मध्ये झाला तो कापसासाठीच. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इथल्या कोरड्या हिवाळ्यात हा साचलेला प्रभार, म्हणजे स्थितिक विद्युत, धंद्याचा प्रश्न होतो. सरकी काढताना रुईत साधारण 6 ते 8 टक्के ओलावा असला तर काम सुरळीत चालतं. तो 5 टक्क्यांच्या खाली उतरला की तंतू चिकटू लागतात, तुटतातही. उपाय म्हणजे ओलसर हवा किंवा पाण्याचा बारीक फवारा, कारण ओलाव्यातून प्रभार निसटून जातो. सूतगिरण्यांचंही तेच. मुंबईला समुद्राची दमट हवा आयती मिळाली. नागपुरात 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांना हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवावी लागली.

आता एक गंमत, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. केसांवर घासलेल्या फणीकडे कागदाचे कपटे झेपावतात, म्हणून कपट्यांवर प्रभार होता असं म्हणता येत नाही. आकर्षण प्रभार नसलेल्या वस्तूचंही होतं. नळाची बारीक धारसुद्धा फणीकडे वाकते, करून बघा! प्रतिकर्षण मात्र फसवत नाही. दोन वस्तू एकमेकींना ढकलत असतील, तर दोन्हींवर प्रभार आहे आणि तो सारखाच आहे. फणीला टेकलेला एखादा कपटा क्षणात उडून दूर जातो, तेव्हा त्याने फणीचाच प्रभार उचललेला असतो.

दाराच्या कडीला बोट लावताना चटका बसतो, तेव्हा काही हजार व्होल्टचा खेळ झालेला असतो. एक मिलिमीटर हवा भेदायलाच सुमारे 3,000 व्होल्ट लागतात. जिवाला धोका नसतो, कारण वाहणारा प्रभार अगदी नगण्य असतो.

हेच ढकलणं-ओढणं शेतातही कामाला येतं. प्रभारित फवाऱ्याचे थेंब एकमेकांना ढकलत पसरतात आणि झाडाकडे ओढले जातात, पानाच्या खालच्या बाजूलाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी दडतात ती नेमकी तिथेच. मधमाशीची युक्ती तर त्याहून जुनी. उडताना तिच्यावर बहुधा धनप्रभार चढतो, फूल किंचित ऋण असतं, आणि परागकण स्पर्शाआधीच उडी मारून तिच्या अंगावर येतात. भुंग्यांना फुलाभोवतीचं विद्युतक्षेत्र जाणवतं, हे ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं.

झेरॉक्सची काळी पूडही कागदावर अशाच ओढीने बसते. चेस्टर कार्लसन यांनी अशी पहिली प्रत काढली 22 ऑक्टोबर 1938 रोजी.

आणि आभाळातली वीज? ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा आदळतात, वरचा भाग बहुतेक वेळा धन होतो, खालचा ऋण. मग पडणारी वीज हवा सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापवते. शेतात असताना डोक्यावरचे केस ताठ उभे राहू लागले, तर केसांवर सारखा प्रभार जमून ते एकमेकांना ढकलत आहेत असं समजा. वीज कोणत्याही क्षणी पडू शकते. झाडाखाली थांबू नका, जमिनीवर आडवे होऊ नका; पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. पेरणीला निघण्याआधी ते मोबाइलवर घ्याच.