दारी हत्ती झुलवायचा तर!

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता आमच्या भावोजींनी एकदम विचारले, "काय हो, तुमचे ते गॅस टर्बाइन. एखादे घ्यायचे झाले तर केवढ्याला पडते?"

माझी उभी हयात वीजकेंद्रांच्या खरेदीत आणि उभारणीत गेली. तरी हा प्रश्न कोणी केला की मी अजून चाचरतो. मी उलट विचारले, "भावोजी, हा तुमचा ब्लॉक तुम्हाला केवढ्याला पडला?"

त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो बिल्डरचा आकडा! मुद्रांकशुल्क, नोंदणी, सोसायटीची अनामत, खिडक्यांचे ग्रिल, ओटा, पंखे आणि घर हाती येईपर्यंत भरलेले भाडे, हे कोण धरणार?"

वाचकहो, टर्बाइनच्या किमतीचे सारे शास्त्र ताईने त्या एका वाक्यात सांगून टाकले.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. बाहेरची हवा ओढून घ्यायची, दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा आणि त्या तप्त झोताने पात्यांचे चक्र फिरवायचे. चक्राला जनित्र जोडले की झाली वीज. ऐकायला सोपे, पण यंत्र मोठे खादाड. वीज तयार करण्यासाठी बसवलेले पहिले असे यंत्र १९३९ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी चालू झाले. त्याचे चक्र सुमारे १५,४०० किलोवॅट शक्ती निर्माण करी. त्यातली ११,४०० किलोवॅट हवा दाबण्यातच खर्च होई आणि गावाच्या वाट्याला उरत ४,०००! जळणातल्या शंभर भागांपैकी जेमतेम साडेसतरा भागांची वीज होई. आजची मोठी यंत्रे एकटी चालली तर चाळीसच्या आसपास जातात. त्यांच्या धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवले, तर हा आकडा साठपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही वर पोचतो.

हा पल्ला ज्या पात्यांच्या जोरावर गाठला, तिथेच पैसा जातो. आतला वायू इतका तापलेला असतो की पात्याची धातू त्यात वितळून जावी. म्हणून निकेलच्या खास मिश्रधातूची पाती ओततात आणि त्यांच्या पोटातून थंड हवा खेळवतात. ही विद्या जगात मोजक्याच कारखान्यांकडे आहे. साहजिकच भाव ते ठरवतात.

आता हिशेब. अमेरिकेत २०२० च्या आसपास गॅस आणि वाफ अशा जोडीचे केंद्र उभे करायला दर किलोवॅटमागे सुमारे हजार डॉलर पडत. पुढे संगणकांच्या प्रचंड कोठारांसाठी वीज हवी झाली, यंत्रांसाठी रांग लागली, आणि २०२५ पर्यंत तिथे दोन हजार डॉलरच्या वरचे भाव सांगितले जाऊ लागले. या रकमेत खुद्द टर्बाइनचा वाटा बराच लहान. बाकी जनित्र, रोहित्र, पाया, हवेची गाळणी, धुराडे, वाफेचा बाष्पक, गॅसची नळवाट आणि वीज बाहेर नेणाऱ्या तारा. शिवाय मोठ्या यंत्राचे वजन तीनशे टनांच्या घरात. ते बंदरावरून आणायला शेकडो चाकांची गाडी लागते, आणि ती मुंगीच्या पावलांनी जात असता वाटेतले पूल बळकट करावे लागतात ते वेगळेच.

आणखी एक गंमत ऐका. छापील पत्रकातली शक्ती असते १५ अंश तपमानाला, समुद्रसपाटीवर! उन्हाळ्यातली हवा विरळ, म्हणून यंत्राच्या पोटात कमी जाते. नागपूरच्या मे महिन्यात शंभर मेगावॅटचे यंत्र पंच्याऐंशीच्या आसपास देऊ लागले तर त्याला दोष देऊ नये. पंखे सर्वांत जास्त फिरतात तेव्हाच ते दमते.

हे सारे मी आज शहाणपणाने सांगतो आहे, पण ते शिकायला मला एक चूक करावी लागली. १९९० च्या सुमाराला एका कारखान्यासाठी लहानसे टर्बाइन घ्यायचे होते. तीन टेंडरे आली. तुलनेचा तक्ता करण्याचे काम माझ्याकडे. एक भाव इतरांपेक्षा बराच कमी होता. मी आनंदाने त्याच्यापुढे खूण केली आणि साहेबांची सही घेतली. यंत्र आले, पाया झाला, दसऱ्याला नारळ फुटला. मग लक्षात आले की नळातून येणाऱ्या गॅसचा दाब यंत्राला पुरत नाही. दाब वाढवणारा काँप्रेसर लागतो, आणि तो त्या स्वस्त भावात धरलेलाच नव्हता. शेवटच्या पानावर एक ओळ होती: योग्य दाबाचा गॅस पुरवणे ही ग्राहकाची जबाबदारी. ती ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ मात्र वाचला नव्हता.

काँप्रेसर यायला सात महिने लागले. तोवर यंत्र ताडपत्रीखाली झोपून होते आणि बँकेचे व्याज जागे होते. साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त एका दिवसाच्या व्याजाचा आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिला आणि तो माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. माझ्या सहा महिन्यांच्या पगाराहून तो मोठा होता. सात महिने तो रोज सकाळी माझ्याकडे बघत होता.

"बरे, एकदा बसले की सुटलो ना?" भावोजी म्हणाले.

छे हो! हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे कठीण. मोठ्या यंत्राची तप्त पाती साधारण २४,००० तासांनी उघडून तपासावी लागतात. म्हणजे सतत चालले तर तीन वर्षेही पुरी होत नाहीत. आणि रोजचे जळण? गॅस दहा डॉलर दराने मिळाला आणि डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला, तर एकट्या टर्बाइनच्या युनिटमागे नुसते जळण साडेसात रुपयांच्या वर जाते. वाफेची जोड असेल तर पाच रुपये.

"मग भांडवलाचे काय?" ताईने विचारले. मी म्हटले, "तुझ्या पैठणीचे जे, तेच. वर्षातून एकदा नेसलीस तर नेसण्यागणिक किती पडली? आणि रोज नेसलीस तर?" हजार डॉलरच्या किलोवॅटवर व्याज-परतफेडीपोटी वर्षाला बारा टक्के धरा. केंद्र वर्षातून ७,००० तास चालले तर युनिटमागे दीड रुपयाहून कमी बोजा. १,००० तासच चालले तर दहा रुपयांच्या वर! महागात पडते ते बंद यंत्र.

याचे दोन धडे आपल्या कोकणातच आहेत. उरणला १९८२ पासून सरकारी वीज मंडळाने मुंबई हायच्या गॅसवर यंत्रे बसवली. पुढे १०८ मेगावॅटची चार आली. १९९४ मध्ये त्यांच्या धुराड्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच जोडले. गॅस तेवढाच, वीज २४० मेगावॅट जास्त! याला म्हणतात संसार.

दुसरा धडा दाभोळचा. २,१८४ मेगावॅट आणि खर्च सुमारे २९० कोटी डॉलर. १९९३ च्या करारात वीज घेवो न घेवो, ठरलेला आकार द्यायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. जागतिक बँकेने त्याच वर्षी या योजनेला कर्ज नाकारले होते. १९९५ मध्ये राज्य सरकारने करार मोडला, १९९६ मध्ये पुन्हा जुळवला. १९९९ मध्ये पहिला टप्पा महागड्या नाफ्त्यावर चालू झाला. रुपया घसरला, मंडळाला एवढी वीज परवडेना, आणि २००० च्या अखेरीस काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेले. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. त्याच डिसेंबरात मूळ एन्रॉन कंपनीचे दिवाळे वाजले. २००५ मध्ये नवी सरकारी कंपनी काढून हा हत्ती पुन्हा उठवावा लागला. यंत्रे उत्तम जातीची होती. पण तिथेही कुणीतरी शेवटचे पान नीट वाचले नसावे.

भावोजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि जितकी वर्षे ते बंद होते, त्याचे पैसे भरले कोणी?"

मी काही बोललो नाही. दाराच्या वर, लाल बारीक दिवा लुकलुकणारा त्यांच्या ब्लॉकचा मीटर होता. मी त्याच्याकडे बोट केले. ताई उठली आणि रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून आली.