संकरित कपाशी आणि आमचा शेरू

शेरू बोदवडच्या आमच्या घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. आई पांढरीशुभ्र, लांब केसांची, गावाच्या भाषेत ‘पामेरियन’. बाप गल्लीतलाच कोणी गावठी. पिल्लं आईसारखी झुबकेदार होतील म्हणून शेजाऱ्यांनीही दोन नेली. वर्ष झालं, एकाच्याही अंगावर लांब केस आले नाहीत. शेरू तांबूस, आखूड केसांचा. एक कान ताठ, दुसरा अर्ध्यात मोडलेला, शेपटी पाठीवर चकलीसारखी वळलेली. ‘आपल्याला फसवलं’ असं बोलणं झालं, पण फसवणूक कोणाचीच नव्हती.

आपल्याकडचा ‘पामेरियन’ बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 1994च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. कुत्र्याच्या केसांची लांबी मुख्यतः एफजीएफ-5 या एका जनुकावर ठरते. त्यातला आखूड केसांचा गुण प्रभावी. आईकडून लांब केसांची आणि बापाकडून आखूड केसांची प्रत मिळाली, की पिल्लू आखूड केसांचंच दिसतं. आईचा गुण मात्र पुसला जात नाही, आत दडून राहतो. अशाच दोन संकरित कुत्र्यांची पिल्लं झाली, तर सरासरी चारांत एक आजीसारखं झुबकेदार निघतं.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला हे नवीन नाही. 1970 साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हे कपाशीचं जगातलं पहिलं व्यापारी संकरित वाण दिलं. संकरित कपाशीची घरची सरकी पेरली तर शेत एकसारखं येत नाही, एक झाड उंच तर दुसरं खुजं, हे शेतकरी जाणतो. कुत्र्यांत तर एकाच विणीतल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. म्हणून भावंडं एकमेकांसारखी नसली तर नवल नाही.

रूप असं फसवतं, तर स्वभाव आईबापांच्या जातीवरून कसा सांगायचा? 2022 साली ‘सायन्स’मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या, 2,155 कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे 9 टक्केच जातीमुळे निघाला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाने काय पाहिलं, ऐकलं, कोणाच्या हातून खाल्लं, याचा ठसा खोल उमटतो. आल्या आल्या शेरूला आम्ही पिठाच्या गिरणीपाशी नेलं, ट्रॅक्टर दाखवला, मुलांच्या घोळक्यात बसवलं. आज ट्रॅक्टर शेजारून गेला तरी तो डोळा उघडत नाही.

‘गावठी रक्त आहे, याला काही होत नाही’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली 24 आनुवंशिक आजारांची 27 हजारांवर प्रकरणं तपासली. 10 आजार शुद्ध जातींत जास्त होते, 13 दोन्हींकडे सारखे, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक आजार संकरितांतच जास्त. पार्वोचा विषाणू आणि गोचिडीतून येणारा ताप तर जात बघतच नाहीत. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत दर दोन दिवसांनी गोचीड शोधायला हवी.

खाण्याचं म्हणाल तर भाकरी कुत्र्याला पचते. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात 4 ते 30, असं 2013च्या एका संशोधनात दिसलं. नुसत्या भाकरीवर मात्र भागत नाही, अंडं किंवा मांस हवं. खरा धोका ताटातल्या भरिताचा. वांग्यात कांद्याची पात आणि लसूण ठेचून घातलेला असतो. त्यांतली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने ती निकामी होत नाहीत. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा होते. 16 किलोच्या शेरूला 80 ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा पुरे. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते.

मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर जाते. फिरवणं उजाडायच्या आत उरका. केस दाट असले तरी भादरू नका, ते उन्हापासून आडोसा देतात. कुत्रा लडखडू लागला तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे दरवर्षी. तुमच्या कुत्र्याच्या कार्डावरची शेवटची तारीख आजच बघा. वर्ष उलटलं असेल तर उद्या सकाळी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.