पुलमनच्या डब्यातून गेलेलं वर्तमानपत्र

रॉबर्ट ॲबट यांनी छपाईचं शिक्षण घेतलं होतं, कायद्याची पदवीही मिळवली होती; पण काळ्या माणसाची वकिली शिकागोत चालेना. शेवटी १९०५ च्या मे महिन्यात, पदरी जेमतेम २५ सेंट असताना, त्यांनी घरमालकिणीच्या घरात बसून 'शिकागो डिफेंडर' काढला. पहिल्या अंकाच्या ३०० प्रती त्यांनी स्वतः दारोदार फिरून विकल्या.

पुढे हे पत्र अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावोगावी पोचलं ते मुख्यतः पुलमन कंपनीच्या पोर्टरांमुळे. स्लीपर डब्यात बिछाने घालायचे, सामान उचलायचं, रात्री प्रवाशांचे बूट चमकवायचे, हे त्यांचं काम. कंपनीच्या संस्थापकाचं नाव जॉर्ज, म्हणून गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला सरसकट 'जॉर्ज'च म्हणत. हेच 'जॉर्ज' अंकांचे गठ्ठे दडवून दक्षिणेला नेत. काही गावांत अंक विकणाऱ्याला मारहाणीची भीती असे, त्यामुळे उघड विक्रीची सोयच नव्हती. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकत. एक प्रत किती कानांवर गेली, याचा हिशोब खपाच्या आकड्यात कुठून येणार?

अंकात असायचं काय? जमावानं केलेल्या हत्यांच्या बातम्या ठसठशीत मथळ्यांखाली, आणि त्यांच्या जोडीला उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते, शिकागोच्या कत्तलखान्यांना माणसं हवी होती. सुरुवातीला काळ्या लोकांनी दक्षिण सोडावी की नाही याबद्दल ॲबटच साशंक होते. पुढे त्यांनी उत्तरेला निघण्यासाठी १५ मे १९१७ ही तारीखच जाहीर करून टाकली. शहरातली काळी वस्ती १९१० साली सुमारे ४४ हजार होती, १९२० पर्यंत ती १ लाख ९ हजारांवर गेली. घरं मात्र शहराच्या साउथ साइड भागातल्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात.

जुलै १९१९ मध्ये शिकागोच्या सरोवरात पोहणारा १७ वर्षांचा काळा मुलगा यूजीन विल्यम्स एका गोऱ्याच्या दगडफेकीत बुडाला आणि दंगल पेटली. ३८ माणसं मेली, त्यांतली २३ काळी. त्या दिवसांत 'डिफेंडर'नंही न घडलेल्या अत्याचाराची बातमी छापली. संपादक म्हणून ॲबट यांचा हा दोष मला मोठाच वाटतो.

दुसरा दोष अधिक खुपतो. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी पोर्टरांची संघटना उभी केली, तेव्हा ज्यांच्या खांद्यावरून अंक गावोगाव गेला त्यांना सोडून पत्रानं कंपनीची बाजू घेतली. ही भूमिका बदलायला दोनेक वर्षं लागली. कंपनीनं संघटनेशी करार केला तो थेट १९३७ साली. तोवर महिन्याला ४०० तासांच्या घरात राबणाऱ्या पोर्टरांचं काम त्या करारानं २४० तासांवर आलं.