फाटक्या खोक्यातला रोल स्वस्त का मिळतो?

या अंकासाठी जुनी छायाचित्रे शोधीत असता आमच्याच घरच्या पेटीतून एक लिफाफा निघाला. घरातल्या एका लग्नात छत्तीस चित्रांचा एक रोल वापरला होता. त्यांतली जेमतेम अकरा चित्रे नीट उमटली. बाकीच्यांवर डाग आणि धुकट पट्टे. आजीचे अखेरचे छायाचित्र त्याच रोलात होते. चेहऱ्याच्या जागी डाग तेवढा राहिला. खोके खराब झालेले म्हणून तो रोल सवलतीत मिळाला होता, आणि चार पैसे वाचले याचे त्या वेळी सर्वांना समाधान वाटले होते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, रोलचे कॅमेरे पुन्हा काही तरुणांच्या हाती दिसू लागले आहेत. रोल महाग असल्याने ‘खोके खराब, आत फिल्म नवी’ असा माल कोठे मिळाला की मोह होतो. घरातली वडील मंडळी विचारतात, ‘माल चांगला असेल तर दुकानदार तो कमी दरात का विकील?’ प्रश्न रास्त आहे.

प्रथम खोक्याचे काम पाहू. पस्तीस मिलिमीटरची फिल्म लोखंडी डबीत गुंडाळलेली असते. डबीच्या तोंडाशी मखमलीची पट्टी असते, ती उजेड अडविते. ही डबी बहुधा झाकणाच्या दुसऱ्या डबीत बंद असते. रुंद रोलाला पाठीशी कागद असतो आणि वर सीलबंद चंदेरी वेष्टन. म्हणजे फिल्मचे रक्षण आतले आवरण करते. बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके चेपले म्हणून रोल जळत नाही.

मग दुकानदार किंमत का उतरवितो? पहिले कारण, गिऱ्हाईक खोके पाहूनच माल पारखते. दोन सारखे रोल पुढे ठेवले तर चेपलेल्यास कोणी हात लावीत नाही. दुसरे, फिल्मला मुदत असते. रोल पडून राहिला तर भांडवलही अडकते आणि मुदतही सरते. आज थोडे कमी घेणे परवडते. तिसरे, माल लांबून येतो. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेला ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना १९६७ पासून उत्पादन करू लागला व त्याचा ‘इंदू’ माल देशभर गेला. तो कारखाना आता बंद आहे. परदेशातून आलेला एखादा चेपलेला नग परत धाडण्याचा खर्च रोलच्या किमतीहून अधिक व्हावयाचा. चौथे कारण कायद्याचे. २०११ च्या वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे कमाल किंमत, महिना-वर्ष, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता ही माहिती वेष्टनावर हवी. छापील किमतीहून कमी घेण्यास मज्जाव नाही. पण ती माहितीच फाटून गेली तर तो नग रीतसर विकणे दुकानदारास अडचणीचे होते.

येथवर सूट प्रामाणिक आहे. पण खोके कशाने खराब झाले, हे विचारल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही. आपल्या नौबादच्या बहामनी काळातील सुरंग बावीचे उदाहरण घ्या. वरच्या एखाद्या झरोक्याचा काठ ढासळला म्हणून खालचे पाणी थांबत नाही. माती आत उतरली तर मात्र प्रवाह अडतो. तसेच हे. दाबाने चेपलेले खोके निराळे आणि पाण्याने भिजलेले निराळे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. तो ओलीने फुगतो, चिकटतो, त्याला बुरशी धरते. रुंद रोलात कागदावरचे आकडे चित्रावर उमटू शकतात. उष्णतेने रंग बिघडतात व धुके चढते. व्यावसायिक रंगीत फिल्म १३ अंश सेल्सिअस वा त्याहून थंड जागी ठेवावी, असे कोडॅकचे सांगणे आहे. मग आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखाली महिनाभर पडलेल्या रोलाचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

घेताना एवढे पाहावे. डाग असल्यास तो ओलीचा आहे काय? आतले वेष्टन अभंग आहे काय? नव्या पस्तीसच्या रोलाची जीभ डबीबाहेर असते; ती आत गेली असेल तर रोल वापरलेला असण्याचा संभव. फिल्मचे नाव आणि वेग डबीवर असतो, पण मुदत बहुधा खोक्यावरच. म्हणून खोक्याविना आलेला रोल मुदत न कळताच घेतला असे समजावे. सुट्या तावांची फिल्म आणि फोटोचा कागद यांच्या बाबतीत तर खोके हेही उजेड अडविणाऱ्या आवरणात मोडते. ते फाटलेले असेल तर सूट कितीही असो, घेऊ नये.

आपल्या सभासदांत दुकानदारही पुष्कळ आहेत. त्यांस विनंती, की सवलतीचे कारण गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगावे व पावतीवर लिहावे. घेणाऱ्यांस विनंती, की असा रोल शिकण्यास, शेतशिवार वा किल्ला टिपण्यास खुशाल वापरावा. लग्न, बारसे आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे यांसाठी धड खोक्यातला, मुदतीतला रोल घ्यावा. सूट खोक्याच्या फाटण्याची असेल तर ती घ्यावी, फिल्मच्या बिघडण्याची असेल तर सोडून द्यावी. रोल दुसरा मिळतो. आजीचा तो चेहरा मात्र आम्हांस पुन्हा मिळाला नाही.